आईने वाढवलेली सोआवे

जयपुरातल्या तमाम मराठी मंडळींमध्ये वाईन कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, गंधार. ही बढाई नव्हे! मी रीतसर ऑनलाइन कोर्स केला आहे. वास कसा घ्यायचा, घोट जिभेवर कसा घोळवायचा, मग छताकडे बघत काय म्हणायचं, सगळं येतं मला. माझी बायको मिताली त्याला 'घोटभर शिक्षण' म्हणते. म्हणू दे.

आमच्या कंपनीकडे मिलानचं मोठं काम येऊ घातलं होतं. तिथला साहेब जयपूरला येणार होता आणि त्याची बडदास्त ज्याच्याकडे, तोच पुढे मिलानला जाणार, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. निवड करणार होते आमचे बॉस शेखावतजी. मी त्यांना सपत्नीक दुर्गापुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटवर बोलावलं आणि अस्सल इटालियन सोआवेची बाटली आणली. फिकट सोनेरी, नाजूक, खानदानी पांढरी वाईन. मिलान खिशात पडल्यातच जमा होतं!

आई तेव्हा सांगलीहून आली होती. तिचं माहेर तासगावचं, द्राक्षबागवाल्यांचं. तिला मी एवढंच सांगितलं, की हे इटलीच्या द्राक्षांचं आहे आणि प्रत्येकाला दोन घोटच द्यायचे असतात. पुढचा तपशील शिताफीने गाळला. बाटली काचेच्या जगात ओतली, जग फ्रीजमध्ये ठेवला आणि पाहुण्यांना घ्यायला खाली गेलो.

गाडीतून शेखावतजी उतरले, मागून त्यांच्या मिसेस. मग शेखावतजींचे साडू उतरले, साडूंची बायको उतरली आणि शेवटी साडूंचे आईवडीलही उतरले. सगळे राजा पार्कात खरेदीला आले होते, म्हटलं घेऊनच जावं, असं शेखावतजी म्हणाले. मी हसून स्वागत केलं आणि मनात बाटलीला सहाने भागू लागलो. वर बाल्कनीत उभी असलेली आईसुद्धा पाहुणे मोजत होती, हे मला दिसलं होतं. मी तिला हात केला.

वर येऊन जग उचलला, तो चांगलाच जड लागला. पण त्या क्षणी मी स्वतःच इतका फुगलो होतो, की जग कशाने फुगला हे डोक्यातच आलं नाही.

मग मी सुरू झालो. आधी रंग दाखवला. मग सगळ्यांना ग्लासात नाकं घालायला लावली. लिंबाच्या सालीचा वास येतोय ना, विचारलं. सगळ्यांना आला! मलाही आला, कोर्समध्ये कधी आला नव्हता इतका. घोट घेतल्यावर जिभेच्या कडेला किंचित खारट लागलं. मी डोळे मिटून सांगितलं, की हे समुद्रावरून मळ्यांवर येणारं वारं आहे. शेखावतजींनीही डोळे मिटले.

"वाह. समंदर," ते हळूच म्हणाले.

साडूंच्या वडिलांच्या ग्लासात काहीतरी बी तरंगत होतं. तो उत्तम वाईनचा नैसर्गिक गाळ, असं मी ठोकून दिलं. त्यांनी ते आदराने चघळलं.

सगळ्यांनी दोनदोनदा घेतली, तरी जग संपेना. तेव्हा मात्र मी स्वयंपाकघरात धाव घेतली. आई शांतपणे पुऱ्या लाटत होती.

"पाहुणे वाढले, मग आमटी वाढवतो तसं ते वाढवलं," ती म्हणाली. "पण किती आंबट होतं रे! द्राक्षं घाईनं उतरवलेली दिसतात. पाणी घातलं, साखर घातली, लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं. वेलची पण टाकणार होते, म्हटलं इटलीचं आहे, नको."

बाहेर आलो, तर शेखावतजी उभेच होते. मिलानच्या साहेबाची बडदास्त त्यांनी माझ्यावर सोपवली. अट एकच, वाईन हीच हवी.

आता इटालियन माणसापुढे आईची आमटी ठेवणार कशी? सिव्हिल लाइन्सजवळच्या हॉटेलात मिलानच्या साहेबांसाठी ठेवलेल्या जेवणाला मी तीच सोआवे नेली, पण बाटलीतली, बिनवाढवलेली. साहेबांनी घोट घेतला, छातीवर हात ठेवला आणि मला मान लवून दाद दिली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला माझाच फार अभिमान वाटला!

तेवढ्यात शेखावतजींनी घोट घेतला. त्यांचा चेहरा पडला. ते मला हळूच कोपऱ्यात घेऊन गेले.

"गंधारजी, दुकानवाले ने आपको नकली पकड़ा दी. न नींबू, न समंदर. मेहमान बेचारा शराफत में पी रहा है."

ही अस्सल आहे म्हणावं, तर त्या दिवशी यांना काय पाजलं हे सांगावं लागणार!

"जिसे असली-नकली की पहचान नहीं," ते फार दुःखाने म्हणाले, "उसे मिलान कैसे भेजूँ?"

मिलानला आमच्या ऑफिसातला अभिजित गेला. तो फक्त ताक पितो.

घरी येऊन मी आईपुढे सगळं ओकलो. म्हटलं, निदान हिला तरी वाईट वाटेल.

"बाटलीतलं जसंच्या तसं वाढलंस? साखरसुद्धा न घालता?" ती म्हणाली. "मग बरोबरच आहे त्यांचं."