रक्ताची जबानी

आमच्या तालुक्याच्या प्रयोगशाळेत रक्ताचा अहवाल छापून मिळत नाही. रक्त स्वतःच तो तोंडी सांगतं. नळी स्टुलावर ठेवायची, बूच काढायचं, पंखा बंद करायचा आणि घरातलं एक थोरलं माणूस समोर बसवायचं, एवढाच नियम.

मृणाली परबच्या घरचं थोरलं माणूस म्हणजे तिची सासू, शालनकाकी. मी शेजारीण. सोबतीला गेले होते असं म्हणते, पण खरं तर मला ऐकायचं होतं.

काजूच्या बागेत मृणालीला गोचीड चावली होती. गुडघ्यामागे तांबडं वर्तुळ उठलं, भाकरीएवढं पसरलं आणि गेलं. तेव्हा लगेच तपासलं, तर रक्त म्हणालं होतं, "माका अजून काय म्हायत नाय." काकींनी त्यातला 'अजून' वाटेतच टाकला आणि वाडीभर सांगितलं, सून ठणठणीत आहे, फक्त कामाचा कंटाळा आहे. पुढे मृणालीचे सांधे सुजले, हातातून कळशी निसटू लागली, तरी घरात एकच पालुपद: नाचता येईना अंगण वाकडं. मला फार राग यायचा.

या खेपेला रक्तानं आधी घसा साफ केला.

"गोचडीतसून येणारो लाइम रोगाचो जंतू माझ्या वळखीचो आसा," ते म्हणालं. "तेच्यासाठी मी राखणदार ठेवलेले आसत."

काकी उठल्याच. डॉक्टर रेडकरांनी त्यांना बसवलं.

"एका जबानीवर आम्ही जात नाही," ते म्हणाले. "कधी कधी रक्त भलत्यालाच तो जंतू समजतं."

नळी आतल्या खोलीत नेली. तिथे उलटतपासणी झाली. बाहेर आलं तेव्हा रक्त दमलेलं वाटलं, पण शब्द तोच होता.

काकींनी पिशवीतून तांदूळ काढले आणि देवळात कौल लावतात तसे दोन दाणे नळीला डाव्या-उजव्या अंगाला चिकटवले. "रोग अंगात आसा तर उजवो दी. सोंगा आसत तर डावो."

कुठलाच दाणा पडला नाही.

"काकी, मी देव नाय," रक्त शांतपणे म्हणालं. "जंतू माका भेटलो, इतक्याच म्हायत. तो अजून आसा काय गेलो, ता माका सांगूक येवचा नाय. माझी आठवण वर्सानुवर्सा ऱ्हवता."

"मगे इचारू कोणाक?"

"जिच्या अंगातसून मी इलंय, तिका. ती हयसरच बसली आसा."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "दोघांचं ऐकल्याशिवाय मला औषध ठरवता येत नाही."

काकी मृणालीकडे वळल्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांनी सुनेला काही विचारल्याचं मला आठवत नाही. त्या फक्त सांगायच्या.

"खंय दुखता गो तुका?"

मृणालीला रडू फुटलं. मग तिनं गुडघ्यापासून सुरुवात केली. काकींनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. डॉक्टर लिहीत होते. माझेही डोळे भरून आले, उगाच कशाला लपवू?

परतताना रिक्षात काकींनी नळी पदराआड धरली होती, वारा लागू नये म्हणून. घाटी उतरल्यावर आतून रक्तानं विचारलं, "झाला काय तिचा सांगून?"

"नाय," काकी म्हणाल्या. "तू गप ऱ्हव. ती बोलता."