सुकेळीची सरासरी

मोडक काकांनी मला फसवलं, आणि तेही सरासरीत.

मी हातगाडीवर कांदे विकत वर आलेला माणूस. आज एव्हरशाईन सिटीत माझं स्वतःचं किराणा दुकान आहे. घाऊक बाजारातले दलाल मला बघून शटर ओढतात. अशा मला एका निवृत्त म्हाताऱ्याने गंडवावं!

काका एका औषध कंपनीच्या गोदामात माल कधी संपेल याचा हिशेब करायचे. निवृत्त झाले, पण हिशेब सुटला नाही. रोज सकाळी दुकानाबाहेरच्या बाकावर बसणार आणि काउंटरवर सांडलेल्या रव्यात बोटाने विक्रीच्या आकड्यांची एक घंटा काढणार, मधे फुगलेली, दोन्ही टोकांना उतरलेली.

"सरासरीइतकाच माल ठेवतोस? म्हणजे निम्म्या आठवड्यांत गिऱ्हाईक परत जाणार," ते म्हणायचे. "विक्री किती वरखाली होते ते बघ. त्याला विचलन म्हणतात. सरासरीवर दोन विचलनं चढव. मग चाळीसेक आठवड्यांत एखादाच कमी पडेल."

ते खरं निघालं, हे कबूल करतो. पण एकदा ऐन दिवाळीत साखर संपली. बायका माझ्या अंगावर धावून आल्या, तर काका उठून हात मिळवतात! "अभिनंदन! हाच तो चाळिसातला आठवडा!"

सोसायटीच्या गणपतीत काकांच्या हिशेबाने केलेले मोदक संपले तेव्हाही ताटकळलेल्या रांगेला ते जोखमीची टक्केवारी समजावत होते. रांगेने त्यांना आरतीला उभं राहू दिलं नाही.

तर सुकेळी. उन्हात वाळवलेली राजेळी केळी. पावसाळा सोडला तर फिलू मावशी दर मंगळवारी वसई गावातून बसने ती घेऊन यायची. विधवा बाई, हात केळीच्या चिकाने काळे. माल उत्तम, पण हल्ली खातं कोण? मी बंद करायचं ठरवलं.

"घाई करू नकोस," काका म्हणाले. "अजून थोडे आठवडे आकडे जमव."

आणि सुकेळी खपायला लागली! दिवसाला कधी दोन पाकिटं, कधी सात, बहुतेकदा चार-पाच. काकांनी रव्यात मांडून दाखवलं. अशी देखणी घंटा तेलाचीही कधी आली नव्हती. "दोन विचलनं चढव," काका म्हणाले. मी चढवली. मावशी खूश.

मग काका मोतीबिंदू काढायला पुतणीकडे पुण्याला गेले, आणि सुकेळीचं एक पाकीट हलेना. सुकेळी न्यायला नेहमी येणाऱ्या, त्यांच्या इमारतीच्या वॉचमनला मी धरलं आणि एक पाकीट पुढे केलं.

"शेठ, मला नका देऊ," तो हातच जोडायला लागला. "काका रोज चिठ्ठी काढायचे. आकडा येईल तेवढी पाकिटं कुणाला तरी आणायला पाठवायचे. खायला आम्हालाच द्यायचे. रिक्षावाले आता काकांना बघून यू टर्न मारतात."

मी तिथूनच फोन लावला. "काका, लाज नाही वाटली?"

"रोज चारच घेतली असती तर तुला संशय आला असता," ते शांतपणे म्हणाले. "विचलन ठेवावं लागतं."

"पण कशासाठी?"

"तू सुकेळी बंद केलीस तर फिलू एवढ्या लांब कशाला येईल? मंगळवारी बाकावर बसून चहा पिते. जेवलात का म्हणून विचारते. बाकीचे सहा दिवस कोणी विचारत नाही रे."

मी शिव्या तयार ठेवल्या होत्या. फोन ठेवून दिला.

या मंगळवारी मावशी आली. न खपलेल्या पाकिटांच्या फळीला पाठ लावून मी उभा राहिलो.

"सगली खपली?"

"सगळी."

तिने टोपली उतरवली आणि रिकाम्या बाकाकडे पाहिलं. "सर नाय आले? बरं हाय ना त्यांना?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय. येतील."

"मंग पुढल्या येलेस जरा जास्तीच आनते. त्यांना दोन पाकिटं वेगली."

"आणा," मी म्हणालो.

धंद्यात मी खोटं बोलतो, पण फायद्यासाठी. तोट्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. याचा जाब मला मोडक काकांकडून हवा आहे. फोनवर नको. येत्या मंगळवारी, मावशीची बस यायच्या आधी, बाकावर बसून.