गाडीचा स्वभाव

१९७८ साली नर्सबाईंना फिरत्या दवाखान्यात नोकरी मिळत होती. अट एकच, गाडीचं लायसन हवं. घरात जुनी गाडी होती आणि शिकवायला नवरा होता. म्हणजे अडचणी दोन होत्या.

नवऱ्याला गल्लीत इंजिनसाहेब म्हणत. त्यांनी बॉनेट उघडलं की शेजारी दारं लावून घेत, नाहीतर टॉर्च धरायला बोलावणं येई. त्या महिन्यात गाडी धावताना ठीक असे, पण उभी राहिली की हुडहुडी भरल्यासारखी थडथडे आणि बंद पडे.

“क्लचवर नाचतेस तू,” साहेब म्हणाले.

“अहो, मी अंगणात उभी आहे.”

“मघाशी नाचलीस, त्याचा परिणाम.”

साहेबांनी प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून पुन्हा बसवला. दोन स्क्रू उरले.

“दादा, उरले कसे?” धाकट्या भावजींनी विचारलं.

“कंपनीवाले जास्तीचे लावतात रे.”

मग साहेबांनी रेस वाढवून ठेवली. आता गाडी बंद पडेना, पण थांबेही ना. भावजींना पोटात घेऊन ती फाटकातून निघाली ती थेट शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींत.

“बघ, पिकअप कसा आलाय!” साहेब म्हणाले.

रेस कमी केली, थडथड परत आली. परीक्षा उद्यावर आली होती. साहेब ऑफिसला गेल्यावर बाईंनी इंजिन सुरू केलं आणि रोग्याच्या छातीशी न्यावा तसा कान जवळ नेला. एक उघडी तोटी सूं सूं हवा ओढत होती. त्यांनी तीवर अंगठा दाबला. थडथड शांत. अंगठा काढला, पुन्हा हुडहुडी.

त्या तोटीवर बसेल अशी काळी रबरी नळी त्यांनी रोज पाहिली होती, साहेबांच्या माशांच्या टाकीत.

संध्याकाळी त्यांनी सहज विचारलं, “अहो, टाकीतली नळी कुठली हो?”

“इंजिनात उगाच लोंबत होती. काढली.”

“आणि गाडी थडथडते ती?”

“स्वभाव असतो एकेकीचा.”

बाईंनी पहाटे टाकीतून नळी सोडवली. सकाळी नळी जागेवर बसवून, साहेबांना शेजारी घेऊन त्या परीक्षेला गेल्या आणि पास झाल्या.

“माझं ट्यूनिंग!” साहेबांनी छाती काढली.

“मग घरी तुम्हीच न्या. थांबा, पाणी तेवढं बघते.” बाईंनी बॉनेट उघडलं आणि नळी पर्समध्ये टाकली.

पहिल्याच चौकात गाडी बंद पडली. हवालदार खिडकीशी वाकला. “शिकताय का, काका? बाईंना चालवू द्या की!”

पुढे बाई दवाखान्याच्या गाडीतून निवृत्तीपर्यंत गावोगाव हिंडल्या. घरच्या गाडीची थडथड काही गेली नाही, साहेबांनी वर्षभरात स्टिअरिंग सोडलं. भावजींनी गॅरेज काढलं. तिथेही स्क्रू उरत, गिऱ्हाइकं उरली नाहीत. मासे नव्या नळीवर सुखाने म्हातारे झाले.

गाडी विकायला काढली तेव्हा बाईंनी पर्समधली नळी गुपचूप जागेवर बसवली. गिऱ्हाईक चक्कर मारून आलं. गाडी दारात उभी राहून मांजरीसारखी गुरगुरत होती.

“फार गुणी गाडी आहे हो!”

साहेबांनी तोंड फिरवलं. “परक्यापुढे सोंग करते,” ते म्हणाले.