सिंहाच्या मोटारीची हवा

एका जंगलात एक सिंह व्हता आन त्येच्याकडं एक मोटार व्हती. मोटार पळायची झकास. थांबायची न्हाई. गप ऐका पोरांनो, मधी बोलाल तर मी उठून जाईन.

मोटार व्हती सिंहाच्या आज्याची. सिंहानं तिचं छप्पर कापलं, बॉनेट फेकून दिलं, ट्रकाचं इंजिन बसवलं आन दोन्ही अंगाला लाल ज्वाळा रंगवून घेतल्या. पळायचं सगळं नवं. थांबायचं सगळं आज्याच्या काळचं.

दसरा उद्यावर आला. दसऱ्याला सिंह टेकडीवरनं मोटारीत बसून खाली यायचा आन समदं जंगल त्येला सोनं द्यायचं. खाली तळं. म्हणून ब्रेक लागत व्हता, न्हाईतर कशाला.

दिवाणजी कोल्ह्यानं साळबा मिस्त्र्याला बोलावलं. साळबा म्हंजी साळिंदर. हाताला कसब, तोंडाला लगाम न्हाई. रागावला की काटे उभे राहायचे, आन त्यो रोजच रागवायचा.

त्या जंगलात एक रीत व्हती. ज्यानं ब्रेक केला, त्यानं टेकडीच्या पायथ्याला मोटारीम्होरं उभं राहायचं. मोटार थांबली तर मिस्त्री हुशार. न्हाई थांबली तर दुसरा मिस्त्री.

आधीचा मिस्त्री कासव व्हता. त्येच्या पाठीवर टायराची नक्षी अजून हाय.

"कासव पाठीवर निभावलं," साळबाची बायको मंजुळा म्हणली. "तुमचं काय वो?"

"माझं काय. काटे घुसून टायर पंक्चर व्हईल. मग मेल्यावर त्येचाबी गुन्हा माझ्यावर."

साळबा मोटारीखाली शिरला. चारी चाकांचे ड्रम उघडले. आतलं घासायचं लायनर जाड, कोरडं, तेलाचा टिपूस न्हाई. पाइप कुठं गळत नव्हता. हँडब्रेकची तार तर नव्यासारखी, कारण हँडब्रेक कुणी कधी वढलाच नव्हता. सिंह त्येला उपरणं अडकवायचा.

मग साळबानं पंज्यानं ब्रेकचं पायडल दाबलं. पायडल भुसभुशीत, पार खालपर्यंत गेलं. दोनदा तीनदा दाबलं तवा जरा कडक लागलं.

"लाइनीत हवा हाय," साळबा म्हणला. "दाबलं की तेलाऐवजी हवाच दबतीया. हवा काढायची. एकानं वर बसून पायडल दाबायचं, एकानं खाली चाकामागचं निप्पल, म्हंजी हवा काढायचा बारका नट, सोडायचा. अर्ध्या तासाचं काम."

"वर कोण बसणार?" कोल्हा म्हणला.

"कुणीबी. ते माकड बसवा."

"महाराजांच्या गादीवर माकड?"

"मग महाराज बसू द्यात. पर मी दाब म्हणलं की दाबायचं, धर म्हणलं की धरायचं, आन सोड म्हणल्याबिगर सोडायचं न्हाई."

कोल्ह्यानं कानावर पंजे ठेवले. "मिस्त्री, महाराजांना हुकूम करायचा न्हाई. इनंती करायची. पुरी, मानापानासकट. लांबी कमी करायची न्हाई."

सिंह येऊन बसला. साळबा खाली आडवा झाला, दातओठ खाल्ले आन म्हणला, "महाराजांनी किरपा करून पायडल दाबावं."

सिंहानं दाबलं. साळबानं निप्पल सोडलं. फसफस करून फेस आला.

"आता मी निप्पल आवळूस्तवर महाराजांनी, त्रास नसंल तर, आपला मोलाचा पंजा तसाच..."

तवर पंजा अवघडला. सिंहानं सोडलं. उघड्या निप्पलातनं सगळी हवा सुर्रकन माघारी आत.

असं सकाळपासनं दुपारपर्यंत चाललं. अकरा वेळा निघाली, अकरा वेळा आत गेली. पायडल आदूगरपेक्षा भुसभुशीत झालं.

"ह्या मिस्त्र्याला काम येतं का?" सिंह वरनं म्हणला.

बस. साळबाच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला.

"अय," त्यो खालनं वरडला, "दाब!"

सिंहानं दचकून दाबलं.

"धर! हलशील तर बघ. धर म्हणतोय न्हवं? ... हां. सोड आता. परत दाब!"

चारी चाकं झाली. निप्पलाखाली धरलेल्या बाटलीत तेल भरत गेलं, बुडबुडे थांबले. पायडल दगडागत कडक. सिंहानं सांगितलं तसं सगळं केलं. त्येला जन्मात कुणी असं काई सांगितलं नव्हतं.

सांच्याला टेकडीवर चाचणी झाली. साळबा पायथ्याला उभा. मोटार आग वकत खाली आली आन साळबाच्या नाकापासनं एका वितीवर थांबली. समद्या जंगलानं टाळ्या पिटल्या. मंजुळा खाली बसली आन रडली.

मग कोल्हा सिंहाच्या कानाला लागला. "महाराज, त्यानं हुकूम केला. आन आपण ऐकलात."

सिंहाचं तोंड उतरलं. "शिक्षा करा."

"शिक्षा केली तर आपण ऐकल्याचं जगाला कळंल."

"मग?"

"ते घडलंच न्हाई म्हणायचं. आन ते घडलं न्हाई, तर ब्रेकबी झाला न्हाई."

सिंह मान हलवून झोपायला गेला, आन त्येच्या माघारी कोल्ह्यानं स्वतः चारी निप्पलं उघडली. सगळं तेल मातीत गेलं.

"आरं येड्या, जीव जाईल कुणाचातरी," साळबा म्हणला.

"तुझाच," कोल्हा म्हणला. "उद्या दसरा. पायथ्याला उभा राहा. आन एक ध्यानात ठेव. उद्या तोंडातनं एक शब्द जरी बिनअदबीचा गेला, तर मंजुळाबी तुझ्या शेजारी उभी ऱ्हाईल."

दसरा उजाडला. मंजुळानं त्येला ववाळलं. म्हणली, "रीत उभं राहायची हाय. बाजूला सरकायचं न्हाई असं कुणी म्हणलंय का?"

कुणीच म्हणलं नव्हतं. कासवाच्याबी हे ध्यानात आलं व्हतं, पर त्ये कासव व्हतं.

टेकडीवरनं मोटार सुटली. सिंहानं पायडल दाबलं. पायडल खाली टेकलं, मोटार काई थांबंना. साळबा दोन पावलं बाजूला सरला.

"मिस्त्री, काय करू?" सिंह वरडला.

हँडब्रेक त्येच्या डाव्या पंज्यापाशी, उपरण्याखाली. एक शब्द पुरला असता. साळबाच्या जिभेवर आला व्हता. त्यानं मंजुळाकडं बघितलं. मग हात जोडले, मान लववली.

"लहान तोंडी मोठा घास व्हतोय, पर महाराजांची आज्ञा असंल तर शेवकाची एक नम्र इनंती हाय, की महाराजांनी आपल्या सवडीनं, डाव्या अंगाला जे आपलं मोलाचं उपरणं..."

डुबुक.

समदं जंगल सोनं हातात घेऊन तळ्याकाठी उभं राहिलं. पाण्यावर बुडबुडे आले. लई वेळ येत राहिले.

"निघाली हवा," साळबा म्हणला.

मग सिंह वर आला. आयाळीत शेवाळ, कानात बेडूक. थरथरत काठाला लागला आन पयल्यांदा साळबाकडंच गेला. ओलं उपरणं पिळलं आन त्येच्या काट्यांवर पांघरलं.

"दिवाणजी," सिंह म्हणला, "बघा. बोलावं तर असं."

तात्पर्य : पोरांनो, थोरामोठ्यांशी नेहमी अदबीनं बोलावं, सावकाश बोलावं, वाक्य कधी अर्धं सोडू नये. घाई आपल्याला नसतीया. उतारावर ते असत्यात.