व इतर

मंडळाच्या दहाव्या वर्धापनदिनाचा फलक कार्यक्रमाच्या तासभर आधी सभागृहात येऊन पडला, तेव्हा मास्तरीणबाई पहिल्या रांगेत पाय पसरून बसल्या होत्या. सकाळपासून अठरा गणवेशांच्या दुमडी उसवून त्यांची पाठ कामातून गेली होती.

टेलर मास्तर ही ओळख सोडून त्या मास्तरीणबाई झाल्या, तेव्हा गिऱ्हाइकांनी आठवडाभर कुजबुज केली आणि मग मुकाट्याने मापं द्यायला सुरुवात केली. कपडे शिवून हवे होते, करणार काय? समलिंगी मंडळींच्या या मंडळाला मात्र नऊ वर्षांत बाईंचं काय करायचं ते उमगलं नव्हतं. फलकावर दरवर्षी 'समलिंगी व इतर मित्रमंडळ' असं छापून यायचं. त्यातले इतर म्हणजे मास्तरीणबाई आणि त्यांच्यासारख्या चौघीजणी. "आम्हालाही शब्द आहे, पारलिंगी. तो घाला," असं त्या दर बैठकीत सांगत, आणि विषय पुढच्या बैठकीवर जाई. यंदा मात्र नव्या सचिवाने मनावर घेतलं होतं.

फलक पुरता उलगडला आणि सचिवाचा चेहरा पडला. ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'पारलिंगी व इतर मित्रमंडळ'.

"आपण कुठे गेलो?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. पण स्वतःचा चष्मा पुसून पुन्हा घातला तरी अक्षरं तीच राहिली.

सचिवाने छपाईवाल्याला फोन लावला. "तुम्हीच म्हणालात ना, एक शब्द काढा नि पारलिंगी टाका," तो म्हणाला. "कुठला काढायचा ते बोलला नाहीत. मी पहिला काढला."

"मास्तरीणबाई, वरून काहीतरी शिवून टाका की," अध्यक्ष काकुळतीला आले.

"प्लास्टिकला टाका घातला तर उभं फाटेल. कागद चिकटवा."

कागदावर 'समलिंगी' लिहून चिकटवला, तो पंख्याने उडवला. पंखा बंद केला, तर लोक घामाघूम होऊन बाहेर जाऊन उभे राहिले. शेवटी पडदा ओढून 'व इतर' तेवढं झाकायला गेले, तर मित्रमंडळही झाकलं जाऊन नुसतं 'पारलिंगी' उरलं, आणि दोन जुने सभासद सभागृह चुकलं समजून जिना उतरायला लागले. त्यांना हाका मारून परत आणलं, पडदा सरकवला.

"असू द्या हो," मास्तरीणबाई जांभई देत म्हणाल्या. "नऊ वर्षं कुणी वाचलंय का?"

पण प्रमुख पाहुण्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. समोर लिहिलेलं वाचल्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी फलक वाचला, भाषण केलं आणि जाता जाता अध्यक्षांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही इतरांपैकी ना? या बायकांनी तुम्हालाही सामावून घेतलं, फार बरं वाटलं."

"आम्ही इतर नाही, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"मग कोण?"

"आम्हाला... आम्हाला शब्द आहे. तो फलकावर हवा होता."

"मग सांगायचं ना त्यांना."

पाहुण्या गेल्यावर अध्यक्षांनी उभ्याउभ्याच बैठक बोलावली. यापुढे प्रत्येकाचा शब्द पुरता लिहायचा, कुणालाही इतर म्हणायचं नाही, असा ठराव त्यांनी स्वतः मांडला. सगळे हात वर झाले. चार मिनिटं लागली.

"अनुमोदन मास्तरीणबाईंचं घेऊ," सचिव म्हणाला आणि सगळे वळले.

त्या हनुवटी छातीवर टेकवून गाढ झोपल्या होत्या. सचिव त्यांना उठवायला निघाला, तसा अध्यक्षांनी त्याचा हात धरला.

"झोपू दे," ते हळूच म्हणाले. "नऊ वर्षं त्याच बोलतायत."