सारंगरावांची काढेमोहीम

श्री. समस्त दख्खनवासी रसिकांस विदित व्हावे जे, शके १९४२, शार्वरीनाम संवत्सरी, पृथ्वीवर महामारीचा अंमल बसला असता, वलंदेजांचे, म्हणजे डच लोकांचे, मुलखी, समुद्र उपसून वसविलेल्या आल्मेरे नगरी, राजश्री सारंगराव पुणेकर, चाकरीने संगणकी, पिंडाने गवई, यांनी स्वरचित गीत प्रसिद्धीस नेण्याची मोहीम मांडिली, तिची हकीकत येणेप्रमाणे.

सारंगरावांस बालपणी गाणे शिकविले ते आत्याबाई सरलाबाईसाहेबांनी, मुक्काम पुणे. पुढे राव संगणकाचे नादी लागले आणि आत्याबाईंनी गाण्याचा विषय बंद केला, तो कित्येक वर्षे बंदच राहिला, आणि ही सल रावांचे काळजात रुतून होती. आता विमाने बंद, आत्याबाई सत्तरीपार, आणि दूरध्वनीवर "आत्या, माझं गाणं ऐक" म्हणावे तर राव हवापाणी विचारून फोन ठेवीत. मग त्यांनी पण केला की, गीत जगजाहीर करावे आणि त्या गर्दीत ते आत्याबाईंचे कानी पडावे. वर कीर्ती मिळाली तर ती कोणास नको आहे?

मग जिन्याखालचे अडगळीत रजया टांगून, शेजारचे धुलाईयंत्र थांबले की गावे आणि फिरू लागले की थांबावे, ऐसे करीत 'उंबऱ्याशी थांब जरा' हे गीत सिद्ध केले आणि पौषमासी प्रसिद्ध केले.

पहिली चढाई इन्स्टाग्रामावर जाहली. राव बर्फात उभे राहून मान वेळावीत आहेत, ऐसी चित्रफीत सोडिली. दाद कोणी दिली? तर वलंदेजांचेच टिलबर्ग गावचे एका पडदेवाल्याने आणि ब्राझील देशीचे एका दंतवैद्याने, आणि दोघांनीही उलट रावांसच गिऱ्हाईक करू पाहिले. राव माघारी फिरले.

मग 'आपली माणसं' नामे घरच्या व्हॉट्सॲप समूहावर चाल केली. प्रसिद्धीशास्त्राचे यूट्यूबी गुरूंनी मंत्र दिला होता की, गाणे कोणाचे हाती देऊ नये, लिंकच द्यावी, म्हणजे ऐकणारे मोजता येतात. रावांनी लिंक टाकिली. गाणे चार मिनिटांचे, आणि डोंबिवलीचे चंद्रहासकाका दुसऱ्याच क्षणी लिहिते जाहले की, "अप्रतिम! डोळे पाणावले!" आणि मागोमाग अंगठे, नमस्कार, पुष्पगुच्छ यांची ऐसी बरसात जाहली की राव हर्षले, आणि मोजू जातात तो ऐकणारा एकही नाही! कारण समूहाच्या किल्लेदार खुद्द आत्याबाई, आणि त्यांचे फर्मान पेशजीच सुटले होते की, लिंक कोणाचीही असो, उघडू नये, उघडिल्यास बँकेतली शिल्लक जाते. शिव शिव! सख्खा भाचा चोरांत जमा! राव रजईत तोंड खुपसून बसले.

तेव्हा सौभाग्यवती लतिकाबाईसाहेब कचेरीची ऑनलाइन सभा आटोपून उठल्या आणि मसलत दिली की, "अरे, आपल्या लोकांना गाणी कसली पाठवतोस? काढा पाठव!" म्हणजे काढ्याची चित्रफीत करावी, ती लिंकेवाचून थेट समूहात सोडावी, काढा आटेपावेतो मागे गीत वाजावे, आणि आरंभीच लिहावे की खरी गोम शेवटी सांगितली आहे. ऐसी अक्कल बाजारात मिळत नाही.

परंतु घरी आल्याचा तुकडा नाही, बाहेर बर्फ, आणि रात्रौ संचारबंदी. राव दिवस मावळायचे आत सायकलीवर स्वार होऊन हिंदुस्थानी जिन्नस ठेवणारे सुरिनामी दुकानी गेले, आणि परतताना पोल्डरचे, म्हणजे समुद्र उपसून केलेल्या सपाट रानाचे, वाऱ्याने स्वार एकीकडे, सायकल दुसरीकडे, आणि पिशवी तिसरीकडे जाहली. एका वलंदेज आजीबाईंनी पिशवी उचलून दीड मीटरांवर बर्फात ठेविली आणि त्या मागे सरल्या, मग राव पुढे सरले. आभार मानणेही लांबूनच जाहले.

चित्रफीत सुटली, आणि काय वर्णावे! नागपूर पडले, दुबई पडली, आणि तीच फीत लतिकाबाईंचे कचेरीतील मंडळींकडून 'हिमालयातील साधूंचा काढा' या नावे आल्मेरेस परत आली. समूहात भडिमार जाहला की, आलं किसायचं की ठेचायचं? गुळाऐवजी मध चालेल काय? गाण्याविषयी चकार शब्द नाही. चंद्रहासकाकांनी तर कळविले की, मागचा आवाज कमी केल्यास कृती नीट ऐकू येईल. तेव्हा रावांचा धीर सुटला. कोणाचाही सुटता.

इतक्यात पुण्याहून आत्याबाईंचा ध्वनिरूप खलिता आला, तो ऐसा: "सारंग, दालचिनी जास्त झालीय. आणि मागे कोण गातंय ते न कळायला मी काही बहिरी नाही. तीनदा ऐकलं. अंतऱ्यात निषाद उतरलाय तुझा. उद्या तुमच्या सकाळी फोन लाव. तंबोरा जुळवून बस, आणि आधी गरम पाणी पी, उठल्या उठल्या तुझा गळा बसलेला असतो."

राव ढसढसा रडू लागले. लतिकाबाई समजावू लागल्या की, एक निषाद उतरला म्हणून इतकं काय ते! तो राव म्हणाले, "अगं, तीनदा ऐकलं तिने!"

दुसरे दिवशी राव तंबोऱ्याचे ॲप लावून बसले आणि निषाद लाविला. हुकूम जाहला की, पुन्हा. लाविला; हुकूम जाहला की, पुन्हा. दुपार टळली, लतिकाबाईंनी रावांचे कचेरीस प्रकृती नादुरुस्त म्हणोन कळविले, आणि आत्याबाई काही थांबेनात. सबब शिकवणी पूर्ववत चालू जाहली आणि आल्मेरेची मोहीम फत्ते पावली, ऐसे दफ्तरी दाखल केले असे.