शोकाच्या रजेचा तुलनात्मक अभ्यास

आमची संस्था गोरेगावात माहितीपट करते. तेव्हाच्या माहितीपटाचा विषय ‘शोकाची रजा : विविध देशांतील धोरणे’ असा होता. घरातलं माणूस गेल्यावर कोणता देश किती दिवस कामावरून मोकळं करतो, याची तुलना. संशोधन आणि निवेदन माझ्याकडे. परदेशांचं चित्रण पूर्ण झालं, भारताचं बाकी राहिलं, आणि माझे वडील गेले.

रजा मागायला मी सुबोधकडे गेले. सुबोध आमचा दिग्दर्शक. तो संवेदनशील आहे. तसं तो स्वतःच सांगतो.

“सॉरी गं जान्हवी. तू रजा घेच. फक्त तेवढा भारताचा भाग संपव ना.”

“त्या भागात रजेबद्दलच लिहायचंय.”

“लिहिलंयस की! झकास लिहिलंयस.” त्याने माझंच वाक्य मला वाचून दाखवलं : ‘आपल्याकडे भक्कम कुटुंबव्यवस्था हीच शोकाची रजा होय.’

वाक्य चांगलं होतं. बरंच वाचन करून मी ते कमावलं होतं. स्वतःच्या गद्याविरुद्ध अपील कुठे करतात हे ठाऊक नसल्याने मी जागेवर जाऊन बसले.

उत्तरेकडच्या एका थंड देशातला साहेब शोकग्रस्त कर्मचारी बाईला घरी पाठवतो आणि तिच्या टेबलावरच्या कुंडीला स्वतः पाणी घालतो, हे निवेदन मी त्याच आठवड्यात वाचलं. आवाज भरून आला. तांत्रिक दोष म्हणून पुन्हा घेतलं. शेवटी तो पुरेसा कोरडा आला आणि सर्वांना पसंत पडला.

मग दहावा आला. मी फक्त सकाळ मागितली.

सुबोधचे डोळे पाणावले. “अगं, आपण तेच शूट करू! भारतासाठी माणूस मिळत नव्हता यार. आणि तुझी गैरहजेरीही लागणार नाही. तू कामावरच असशील.”

तोडगा इतका निर्दोष होता की मी आभार मानले.

कांजूरमार्गला पिंड ठेवला. समोर कॅमेरा, वर काठीला टांगलेला माइक. कावळे भिंतीवर बसून होते. इथल्या कावळ्याला अख्ख्या शहराचं उष्टं शेजारच्या कचराडेपोतच मिळतं. भाताच्या गोळ्यासाठी तो चित्रीकरणाला तारीख देत नाही.

गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही. म्हणून विधीला बसलेले रतनकाका, वडिलांचे धाकटे भाऊ, हात जोडून कबूल करू लागले. “दादा, गावच्या घराची कौलां मी घालतंय. चेडवाक, ह्या जान्हवीक, मी बघतंय. जीव अडकवू नको.”

कावळ्याने मान फिरवली.

“जान्हवी, तू बोल ना काहीतरी,” सुबोध कुजबुजला. “मनातलं. पण जरा माइककडे.”

“ह्यो कोण आमच्या दादाचो?” काकांनी विचारलं.

“माझे साहेब,” मी म्हटलं.

माझे वडील, आप्पा, गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावर सुट्टी एवढीच चैन त्यांना परवडत असे. दर गणपतीत गावाहून त्यांचा फोन यायचा, “सुट्टी गावली काय गो?” माझा दरवर्षी कुठला ना कुठला देश बाकी असायचा.

मी पिंडाजवळ वाकले. “आप्पा, सुट्टी मिळाली.”

कावळा सरळ खाली उतरला.

थाप त्याने पचवली, भातही खाल्ला. मी उभी राहिले. कॅमेरा माझ्याकडे वळला. कुणी मला काही विचारलं नाही.

मग सुबोध पुढे आला. “अप्रतिम! फक्त तू बोललीस तेव्हा कॅमेरा कावळ्यावर होता गं. एकदा परत घेऊ?”

“दादा काय तुमच्यासाठी परत मरतलो?” काका म्हणाले. चित्रीकरण तिथे संपलं.

त्या उभं राहण्यावर निवेदन लिहायला मी नकार दिला. दृश्य तसंच गेलं, मुकं.

माहितीपट आता फोनवर फुकट दिसतो. तुम्हीही पाहिला असेल, खाली ‘डोळ्यांत पाणी आलं’ असं लिहिलंही असेल. मात्र ऑफिसचे आकडे सांगतात की कावळा उतरला की बहुतेक प्रेक्षक चित्र पुढे सरकवतात. पुढे काही घडत नाही, एक बाई नुसती उभी असते.

ती माझी रजा होती. तुम्ही ती एका बोटाने संपवलीत.